आंब्याच्या प्रश्नांसाठी बसवलेला चॅटबॉट आणि त्याची उचलबांगडी

हापूसच्या हंगामात व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न ठरलेले असतात. पेटी केवढ्याला? पेटीत किती डझन? पुण्याला कधी पोचेल? तयार फळ देता की कच्चं? कार्बाइड घालत नाही ना? आणि एकदा पोळलेल्या गिऱ्हाइकाचा खास प्रश्न : साका निघाला तर? काकांची बाग वेंगुर्ले तालुक्यात आहे. झाडं, फवारणी, तोड, अढी हे सगळं त्यांचं; हिशेब, बिलं आणि हे निरोप माझ्याकडे. मार्चच्या शेवटापासून पाऊस लागेपर्यंत दिवसभर तीच उत्तरं टाइप करत बसायचं म्हणजे डोकं बधिर होतं.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा सुट्टीत आला, मला टाइप करताना बघून म्हणाला, "मावशी, चॅटबॉट बसव की." सुचवायला त्याचं काय जातंय. पण कल्पना डोक्यात बसली. माझी अट एकच होती. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, पत्ते बाहेरच्या कुठल्या सर्व्हरवर जाता कामा नयेत. म्हणजे जे काही बसवायचं ते आपल्याच लॅपटॉपवर. माझा लॅपटॉप सेकंडहँड, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, वर डेबियन 12, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. रूट पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिमसाठीचा भाग, तीस जीबीचं; बाकी सगळी जागा होमला, म्हणजे माझ्या स्वतःच्या फायलींना दिलेली. हा शेवटचा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

सुरुवात मुद्दाम छोट्या वस्तूपासून केली. डेबियनच्या भांडारात एलायझा नावाचा जुना चॅटबॉट आहे. पॅकेजचं नाव लिबचॅटबॉट-एलायझा-पर्ल. ॲप्ट हा डेबियनचा पॅकेजं बसवणारा-काढणारा प्रोग्रॅम. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे हे नाव, एवढंच. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा डेबियनवर आधीपासून असतेच, त्यामुळे सोबत फारसं काही येत नाही. चहा ठेवायला उठावं आणि पाणी भांड्यात पडायच्या आत काम झालेलं असावं, इतकं लहान. मग पर्लची एक ओळ लिहायची, एलायझाचं मोड्यूल बोलवायचं आणि त्यातला कमांड इंटरफेस सुरू करायचा. पडद्यावर गप्पा चालू.

एलायझा म्हणजे चॅटबॉटांची पणजी. जोसेफ वायझेनबाउम यांनी एमआयटीत ती लिहिली आणि 1966 साली तिच्यावरचा लेख प्रसिद्ध केला. तेव्हाचं मशीन म्हणजे खोली व्यापणारा आयबीएम 7094. एलायझाला भाषा कळत नाही, काहीच कळत नाही. तुमच्या वाक्यात एखादा ठरावीक शब्द सापडतो का ते ती बघते. प्रत्येक शब्दाला वजन दिलेलं असतं, दोन सापडले तर जड तो जिंकतो. मग त्या शब्दाभोवतीचं वाक्य साच्यात बसतं का हे पाहायचं, उरलेला तुकडा उचलायचा, 'माझं'चं 'तुमचं' करायचं आणि तयार उत्तरात तो चिकटवून परत द्यायचा. काहीच सापडलं नाही तर "बरं, पुढे सांगा" छापाचं गुळमुळीत उत्तर. या पॅकेजमधली एलायझा इंग्रजी बोलते. मी तिला लिहिलं की आंबे अजून तयार होत नाहीत म्हणून मी काळजीत आहे. तिनं विचारलं, किती दिवसांपासून काळजीत आहात? आमच्याकडे समाचाराला येणारी निम्मी माणसं याहून वेगळं काही विचारत नाहीत.

गंमत म्हणून ठीक, पण त्यातून एक गोष्ट मनात राहिली. या पॅकेजला आपली स्वतःची साच्यांची फाइल देता येते. साधी मजकुराची फाइल. एका ओळीत शब्द आणि त्याचं वजन, खालच्या ओळीत साचा, त्याखाली उत्तर. माझ्या प्रश्नांकडे बघितलं तर तेही शब्दांवरच ओळखता येणारे होते. 'डझन' आला की हे, 'साका' आला की ते. पण भाच्यानं डोळे फिरवले. साठ वर्षांपूर्वीची युक्ती काय घेऊन बसलीस, खरं एआय मॉडेल चालव म्हणाला.

एलायझाला निरोप देणं सोपं होतं, आणि इथे ॲप्टचं मोल कळतं. पॅकेज बसवताना डीपीकेजी, म्हणजे ॲप्टच्या पाठीमागे काम करणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फाइल कुठे ठेवली याची यादी स्वतःकडे लिहून ठेवतं. मांडववाला जसा किती बांबू, किती कनाती आणल्या ते वहीत लिहितो आणि उतरवताना त्या वहीवरूनच मोजून नेतो, तसं. 'डीपीकेजी'पुढे मोठं 'एल' आणि पॅकेजचं नाव दिलं की ती यादी आपल्यालाही बघता येते. उलटंही होतं : मोठं 'एस' आणि फाइलचा पत्ता दिला की ही फाइल कुठल्या पॅकेजची ते कळतं. काढण्याआधी मी छोटं 'एस' लावून नुसती तालीम करून घेते. काय काय जाईल ते ॲप्ट सांगतं, प्रत्यक्षात हात लावत नाही. तालमीत नको त्या पॅकेजचं नाव दिसलं की तिथेच थांबता येतं. यादी ठीक दिसली, पर्ज म्हटलं, म्हणजे मुळासकट काढ, एलायझा गेली.

मग मोठा गडी. मॉडेल आपल्या मशीनवर चालवण्यासाठी ओलामा हा प्रोग्रॅम भाच्यानं सांगितला. त्यांच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठी एकच ओळ दिलेली असते : कर्ल या प्रोग्रॅमनं स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांची फाइल, उतरवा आणि थेट शेलच्या, म्हणजे हुकूम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या तोंडात द्या. या पद्धतीत काही बेकायदा नाही, बरेच लोक असंच करतात. पण दुसऱ्याची न वाचलेली स्क्रिप्ट रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी युजरच्या अधिकारानं चालवायला माझा हात धजत नाही. मी ती आधी फाइलमध्ये उतरवली आणि 'लेस'मध्ये उघडून वाचली. ज्याला शेलचं जुजबी ज्ञान आहे त्याला ती सहज वाचता येते, आणि ते वाचन पुढे फार कामाला आलं. कारण त्यात ती मशीनवर काय काय करणार हे ओळीनं लिहिलेलं होतं. मुख्य प्रोग्रॅम यूएसआर-लोकल-बिन या फोल्डरात. त्याच्या लायब्रऱ्या यूएसआर-लोकल-लिबमध्ये. ओलामा नावाचा एक सिस्टिम युजर, त्याच नावाचा ग्रुप, आणि त्या युजरचं घर यूएसआर-शेअर-ओलामा. माझा युजर त्या ग्रुपात घातला जाणार. मशीनवरच्या सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची एक सर्व्हिस फाइल इटीसी-सिस्टिमडी-सिस्टिममध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू झाला की हा पण सुरू. एनव्हिडियाचं कार्ड सापडलं तर त्याचे ड्रायव्हरही. माझ्याकडे कार्ड नाही, तो भाग गळला.

हे सगळं मी एका कागदावर उतरवून घेतलं. यातलं काहीही डीपीकेजीच्या वहीत जाणार नव्हतं, त्यामुळे वही मीच लिहायची होती. ज्यांना हा प्रयोग करायचाय त्यांना माझं सांगणं हेच : बसवताना कागद आणि पेन जवळ ठेवा.

मग स्क्रिप्ट चालवली. प्रोग्रॅमचं गाठोडंच जीबीच्या पुढे. त्यानंतर मॉडेल. आठ जीबीच्या मशीनला झेपेल असं म्हणजे तीन अब्ज पॅरामीटरच्या (मॉडेलच्या आतल्या आकड्यांच्या) आसपासचं, चार बिटांत दाबलेलं. डिस्कवर साधारण दोन जीबी. एप्रिलमधली दुपार होती, मॉडेल अर्ध्यावर उतरलं आणि लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटर बंद. आमच्याकडे हे इतकं नेहमीचं आहे की चिडायचंही सुचत नाही. सुदैवानं ओलामाचं उतरवणं तुटलं तर पुन्हा 'पुल' म्हटल्यावर थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं. संध्याकाळी लाईट आली, उरलेलं उतरलं.

मॉडेल चालू झालं त्याचा पहिला अर्धा तास छान गेला. मराठीत विचारलं, मराठीत उत्तर आलं. व्याकरण बरं. फक्त वेग बघून कळेना की मशीन विचार करतंय की झोपलंय. इंग्रजीत तेच विचारलं तर बऱ्यापैकी भरभर लिहायचं, मराठीत मात्र एकेक अक्षर टिपूस टिपूस. यामागे कारण आहे. ही मॉडेलं मजकूर तुकड्या-तुकड्यांत वाचतात आणि लिहितात. इंग्रजीचा एक अख्खा शब्द बरेचदा एकाच तुकड्यात बसतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी ही वेगळी चिन्हं, आणि लहान मॉडेलच्या शब्दसाठ्यात मराठीचे मोठे तुकडे कमी. त्यामुळे तेवढ्याच मजकुराला तुकडे कितीतरी जास्त लागतात, आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या प्रोसेसरला प्रत्येक तुकड्यासाठी सगळं गणित पुन्हा करावं लागतं. पंखा असा फिरायला लागला की काकी आतून विचारायला आल्या, मिक्सर चालू आहे का.

वेळ लागला तरी चाललं असतं, उत्तर बरोबर असतं तर. मी माहिती आहे तेच विचारत गेले. तिऱ्हाइताच्या परीक्षेचा हा सगळ्यात सोपा मार्ग. पहिला प्रश्न, हापूसमधला साका म्हणजे काय? बागायतदाराच्या घरातलं शेंबडं पोर सांगेल : वरून फळ चोख दिसतं, कापलं की गरात मध्येच पांढरट, स्पंजासारखा, चव गेलेला भाग निघतो. मॉडेलनं सांगितलं की साका ही आंबा साठवण्याची पारंपरिक पद्धत आहे आणि तिच्यामुळे गोडी वाढते. हे उत्तर गिऱ्हाइकाला गेलं असतं तर! साका निघाला म्हणून तक्रार करणाऱ्याला आम्ही कळवलं असतं की अभिनंदन, तुमच्या आंब्याची गोडी वाढली.

मग रत्ना आंब्याबद्दल विचारलं. रत्ना ही नीलम आणि हापूसच्या संकरातली जात, इथल्याच वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून 1981 साली आलेली. साका नसणं हा तिचा मोठा गुण. पुढे रत्ना आणि हापूसचा पुन्हा संकर करून 1992 मध्ये सिंधू आली, पातळ बाठ्याची. काका मागे येऊन उभे होते. मॉडेलनं रत्नाचा जन्म दुसऱ्याच राज्यात दाखवला, आईबाप तिसऱ्याच जातीचे दिले आणि वर्षही ठोकून दिलं. सगळं शांतपणे, एकही अडखळ नाही. काकांनी वाचलं आणि म्हणाले, "ह्या कोणी सांगला तेका?"

कोणी सांगितलं नव्हतं हीच तर अडचण. मॉडेलला माहीत नाही हेही त्याला माहीत नसतं. पुढचा शक्यतेतला तुकडा ठेवत जायचं, एवढंच त्याचं काम. मग मी मॉडेलफाइल बनवली, म्हणजे मूळ मॉडेलवर आपल्या सूचना चढवायच्या. त्यात आमचा दर, पेटीतली डझनं, पाठवायचे दिवस, साक्याची खरी व्याख्या, सगळं लिहिलं. टेंपरेचर शून्यावर आणलं, म्हणजे उत्तरात लहरीपणा कमी. सुधारणा झाली. दर बरोबर सांगायला लागलं. पण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर संपलं की पदरचं एखादं वाक्य जोडायची खोड काही गेली नाही. एकदा पेटीसोबत घरपोच सेवा मोफत असल्याचं कळवलं. कुडाळहून पुण्याला पार्सल मोफत! दुसऱ्यांदा नापसंत फळांचे सगळे पैसे परत देण्याचं वचन देऊन मोकळं झालं. टेंपरेचर शून्य म्हणजे दर वेळी तेच उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. ते खरं असेल याची हमी त्यात नसते. प्रत्येक मसुदा वाचून, नको ते खोडून पाठवायचा तर मी स्वतः टाइप केलेलं काय वाईट?

मधल्या काळात घरच्या वायफायवरून काकांच्या फोनवर दिसावं म्हणून एनजिनएक्स हा वेब सर्व्हरही बसवून झाला होता. ओलामा मुळात फक्त स्वतःच्याच मशीनवर, 127.0.0.1 या पत्त्याच्या 11434 क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतं. बाहेरच्या फोनला तिथे पोचता येत नाही, आणि ते चांगलंच आहे. मध्ये एनजिनएक्स ठेवून वाट करून दिली. काकांनी फोनवरून एकदाच प्रश्न टाकला, उत्तराची वाट बघत सुपारी कातरली, सुपारी संपली, आणि मग फोन माझ्याकडे देत म्हणाले, "काडून टाक गो ता."

काढायला बसले. आधी सोपं, म्हणजे ॲप्टनं आणलेलं. 'ॲप्ट रिमूव्ह' म्हटलं तर प्रोग्रॅम जातो, पण इटीसीमधल्या मांडणीच्या फायली मागे राहतात. डीपीकेजीच्या यादीत अशा पॅकेजपुढे 'आरसी' ही दोन अक्षरं दिसतात : काढलंय, पण कॉन्फिगरेशन आहे. हे मुद्दाम तसं आहे, उद्या पुन्हा बसवलं तर जुनी मांडणी मिळावी म्हणून. कायमचं काढायचं तर पर्ज. इथे बऱ्याच जणांच्या नजरेतून निसटणारी एक गोष्ट सांगते. पर्ज फक्त त्या वेळी काढल्या जाणाऱ्या पॅकेजला लागू होतो. एनजिनएक्सची मांडणी मुळात एनजिनएक्स-कॉमन या सोबत आलेल्या वेगळ्या पॅकेजच्या मालकीची. ते जातं ऑटोरिमूव्हनं, आणि ऑटोरिमूव्हलाही वेगळं 'पर्ज' सांगावं लागतं. नाहीतर तिथेही आरसी. शेवटी डीपीकेजीची यादी 'आरसी'वर गाळून बघितली, तर त्यात आधीच्या कधीतरीच्या प्रिंटर ड्रायव्हरचे अवशेषही निघाले. तेही झाडले.

आता ओलामा. त्यांच्या माहितीपत्रात काढायच्या पायऱ्या दिलेल्या आहेत, त्या आणि माझा कागद शेजारी ठेवले. पहिलं काम सर्व्हिस थांबवायची. हा क्रम पाळा. चालू प्रोग्रॅमनं उघडलेली फाइल तुम्ही पुसलीत तरी लिनक्स तिची जागा लगेच सोडत नाही. नाव जातं, फाइल त्या प्रोग्रॅमच्या हातात तशीच राहते. फायली मोजणारं 'डीयू' म्हणतं जागा मोकळी झाली, डिस्क मोजणारं 'डीएफ' म्हणतं नाही झाली, आणि माणूस दोघांकडे बघत बसतो. म्हणून आधी स्टॉप, मग डिसेबल, मग सर्व्हिसची फाइल काढायची आणि सिस्टिमडीला 'डीमन-रीलोड' सांगायचं.

नंतर लायब्रऱ्यांचा फोल्डर. मी वाचली तेव्हा माहितीपत्रात यासाठी एक मजेदार ओळ होती. प्रोग्रॅमचा पत्ता शोधायचा, त्यातल्या 'बिन'चं 'टीआर' या हत्यारानं 'लिब' करायचं आणि जो पत्ता तयार होईल तो फोल्डर रूटच्या अधिकारानं उडवायचा. टीआर शब्द बदलत नाही, अक्षराला अक्षर बदलतं. ब दिसला की ल करतं, न दिसला की ब. यूएसआर-लोकल-बिन-ओलामा या पत्त्यात 'बिन' सोडला तर ब नाही की न नाही, म्हणून 'बिन'चं बरोब्बर 'लिब' होतं. पण कोणी प्रोग्रॅम स्वतःच्या घरातल्या फोल्डरात ठेवला असेल, आणि त्याच्या युजरनावात एखादा न असेल, तर भलताच पत्ता तयार होईल. 'आरएम'पुढे असा आपोआप तयार झालेला पत्ता देण्यापेक्षा मी तो पूर्ण हातानं लिहिला, एकदा 'एलएस'नं आत काय आहे ते बघितलं आणि मग पुसला.

पुढे यूएसआर-शेअर-ओलामा, म्हणजे मॉडेलचं घर. हे रूट पार्टिशनवर. मी दोन-तीन मॉडेलं आजमावली होती आणि त्यांनी माझं तीस जीबीचं रूट जवळजवळ गळ्यापर्यंत आणलं होतं, होममध्ये ढीगभर जागा पडलेली असताना. मॉडेलांची जागा बदलता येते. सर्व्हिसच्या मांडणीत 'ओलामा मॉडेल्स' हा पर्याय देऊन दुसरा फोल्डर दाखवायचा आणि त्या फोल्डरावर ओलामा युजरला हक्क द्यायचा. ज्यांना हे ठेवायचंच आहे त्यांनी पहिल्या दिवशीच तसं करावं. आतल्या फायलींची नावं म्हणजे 'शा256' आणि पुढे आकड्या-अक्षरांची लांबच लांब माळ, त्यामुळे कुठली फाइल कुठल्या मॉडेलची हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. एखादंच मॉडेल काढायचं असेल तर ओलामाच्याच 'आरएम'नं काढा, फाइल शोधून पुसत बसू नका. मला सगळंच घालवायचं होतं, अख्खा फोल्डर उडवला.

युजर आणि ग्रुप मी सगळ्यात शेवटी ठेवले, याचं कारण सांगते. लिनक्समध्ये फाइलची मालकी नावावर नसते, क्रमांकावर असते. युजर आधी काढला आणि त्याची एखादी फाइल कुठेतरी उरली, तर 'एलएस' मालकाच्या जागी नुसता आकडा दाखवतं. एवढ्यावर भागलं तर ठीक. पण उद्या दुसऱ्या कुठल्या पॅकेजनं नवा सिस्टिम युजर तयार केला आणि योगायोगानं तोच मोकळा झालेला क्रमांक त्याला मिळाला, तर त्या बेवारस फायली त्याच्या नावावर होतात. आमच्याकडच्या सातबाऱ्यांची भानगड ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. म्हणून आधी फायली, मग 'युजरडेल'. त्यावर मशीननं कळवलं की ओलामा हा ग्रुप काढला नाही, कारण त्यात आणखी कोणी सभासद आहे. तो सभासद मीच. बसवताना स्क्रिप्टनं मला त्या ग्रुपात घातलं होतं, माझ्या कागदावर ते लिहिलेलं होतं. 'ग्रुपडेल' वेगळं चालवलं. मग 'फाइंड'ला 'नोयुजर' सांगून सगळं रूट धुंडाळलं. बेवारस काही निघालं नाही.

शेवटी उरलं ते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुठल्याच पर्जमध्ये येत नाही. ॲप्ट असो की स्क्रिप्ट, तुमच्या होम फोल्डरातल्या तुमच्या फायलींना कोणी हात लावत नाही. तो शिष्टाचार योग्यच आहे. पण माझ्या होममध्ये टिंबानं सुरू होणारा ओलामाचा एक लपलेला फोल्डर होता आणि त्यात हिस्टरी नावाची फाइल. टर्मिनलमधून मॉडेलला मी जे जे लिहिलं होतं ते सगळं त्यात ओळीनं. चाचणीसाठी मी गिऱ्हाइकांचे खरे निरोप चिकटवले होते. पुण्यातल्या एका आजोबांचा पूर्ण पत्ता, लिफ्ट बंद आहे ही सूचना, त्यांच्या मुलीचा नंबर. बाहेर काही जाऊ नये म्हणून हा सगळा घाट घातला होता. बाहेर ते गेलं नव्हतंच, पण प्रोग्रॅम मशीनवरून गेल्यावरही हे साध्या मजकुरात पडून राहिलं असतं, लॅपटॉप विकला असता तर त्याच्यासोबत गेलं असतं. कोणी विचारलं की चॅटबॉट काढताना काय बघायचं, तर मी आता पहिल्यांदा ही फाइल सांगते. शेलची स्वतःची हिस्टरीही चाळा. एका ओळीत प्रश्न लिहून मॉडेल चालवलं असेल तर तो तिथेही असतो.

लॅपटॉप पुन्हा सुरू केला. 'एसएस'नं उघडी पोर्टं बघितली, 11434 नाही. सिस्टिमडीला नापास सर्व्हिस विचारल्या, शून्य. रूटवर श्वास घ्यायला जागा झाली.

प्रश्न मात्र यायचे थांबले नव्हते. एलायझाच्या साच्यांची ती कल्पना मी कागदावरच वापरली. महिन्याभराचे निरोप चाळून शब्दांची यादी केली : दर, डझन, तयार, कार्बाइड, पार्सल, साका, रत्ना आहे का. प्रत्येकापुढे एक उत्तर, काकांकडून वाचून घेतलेलं. यासाठी कुठलंही नवं सॉफ्टवेअर लागलं नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय असतात. स्लॅश देऊन छोटा शब्द लिहिला की ठरवलेला मजकूर येतो. ते आमच्या फोनवर आधीपासून होतं, कोणी उघडून बघितलं नव्हतं. भाच्याला कळवलं, त्यानं हसण्याचे तीन चेहरे पाठवले.

उत्तरं वाचताना काकांनी कार्बाइडवरचं लांबलचक स्पष्टीकरण कापून "पेंढ्याच्या अढीत पिकवतो" एवढंच ठेवायला लावलं. साक्याचं उत्तर मी लिहिलं होतं की फोटो पाठवा, फळ जपून ठेवा, आम्ही बघून ठरवू. त्यावर ते म्हणाले, फोटो माग, पण फळ ठेवून द्यायला सांगू नको. आणि 'बघून ठरवू' काढ, पुढच्या पेटीत तेवढी फळं जास्त घालू असं लिही.